कॉलेज फुटबॉल प्लेऑफमध्ये संघ कसे निवडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे, संघ जाहीर झाले की ठरलेले प्रश्न येऊ लागतात. काही वर्षानुवर्षं अमेरिकेत राहणाऱ्या आणि शनिवार टीव्हीसमोर घालवणाऱ्या मंडळींचे असतात. काही असतात मुलगा किंवा मुलगी टेक्सस ए अँड एम, अ‍ॅरिझोना स्टेट इथे एमएस करायला गेल्यामुळे या खेळाकडे वळलेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांचे. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम काय आहे ते आधी सांगितलंय, माझं मत त्यानंतर. माहिती २०२५ च्या हंगामापर्यंतची आहे. त्या हंगामाची अंतिम लढत जानेवारी २०२६ मध्ये झाली.

१. हे फुटबॉल नेमकं कोणतं, आणि त्यात संघ "निवडावे" का लागतात?

हे अमेरिकन फुटबॉल: लांबुळका चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर पॅड. विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या गटाला एफबीएस म्हणतात. २०२५ मध्ये त्यात १३६ संघ होते. ते दहा कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनांमध्ये) वाटलेले, शिवाय नोटर डेमसारखे एखाद-दोन स्वतंत्र. नियमित हंगामात प्रत्येक संघ साधारण १२ सामने खेळतो. म्हणजे १३५ पैकी फार तर १२ प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर येतात. म्हणून दोन संघ १०-२ (दहा विजय, दोन पराभव) असे सारखे दिसले तरी त्या दहा विजयांचं वजन सारखं नसतं, आणि गुणतक्त्यातले वरचे बारा सरळ उचलता येत नाहीत.

मुंबईत अकरावीच्या प्रवेशासाठी एसएससी आणि आयसीएसईचे गुण एका यादीत कसे आणायचे यावरून २००८ ते २०१० या काळात पर्सेंटाइल, ९०:१० आणि बेस्ट ऑफ फाइव्ह असे तीन तोडगे निघाले आणि तिन्ही कोर्टात गेले. इथेही भांडण तेच आहे. पेपर वेगवेगळे आणि यादी एकच.

२. मग सरळ साखळी खेळवून टाकत का नाहीत?

खेळ अंगावर येणारा आहे, आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना झेपत नाही, आणि खेळणारी मुलं निदान कागदावर तरी विद्यार्थी आहेत. एकट्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये १८ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला कॉन्फरन्समधले नऊच सामने येतात. म्हणजे आपल्याच घरातल्या आठ जणांशी गाठ पडत नाही.

दुसरं कारण मालकीचं. बास्केटबॉलची ६८ संघांची स्पर्धा एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना घेते. फुटबॉलच्या खालच्या एफसीएस गटातली २४ संघांची बाद फेरीही तीच घेते. वरच्या गटाचं विजेतेपद मात्र तिच्या हातात कधीच नव्हतं. प्लेऑफ ही कॉन्फरन्सेस आणि नोटर डेम यांची मालमत्ता आहे. इथे नियम बदलायचा म्हणजे एकमेकांचे टीव्हीचे पैसे मोजत बसलेल्या भागीदारांची संमती मिळवायची.

३. सध्याची पद्धत थोडक्यात सांगाल का?

२०१४ ते २०२३ चार संघ होते. २०२४ पासून बारा आहेत. निवड समितीच्या क्रमवारीत सर्वांत वर असलेले पाच कॉन्फरन्स विजेते आत, उरलेल्या सात जागा क्रमवारीप्रमाणे कुणालाही. म्हणून एखादा विजेता क्रमवारीत खाली असला तर अकरावा-बारावा संघही बाहेर राहू शकतो. पहिल्या चार मानांकितांना बाय, म्हणजे पहिल्या फेरीतून थेट पुढे चाल. पाच ते आठ मानांकित संघ पहिली फेरी आपल्या मैदानावर खेळतात. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेऱ्या रोझ बोल, शुगर बोल अशा जुन्या बोल सामन्यांत (हंगामाअखेरच्या मानाच्या लढतींत) होतात.

२०२६ साठी आकडा बाराच राहिला आहे, पण पाच जागांची अट बदलली. आता एसईसी, बिग टेन, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या चार बड्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना नावानिशी जागा आहे आणि बाकीच्यांतल्या सर्वांत वरच्या विजेत्याला एक. हा बदल मला का पटत नाही ते प्रश्न ९ मध्ये.

४. निवड समितीत कोण असतं? ते बसून नेमकं करतात काय?

समिती १३ जागांची. पदावर असलेले क्रीडा संचालक, निवृत्त प्रशिक्षक, माजी खेळाडू, कधी एखादा माजी पत्रकार. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांची बैठक भरते. प्रत्येक सदस्य आधी आपल्या मते सर्वोत्तम ३० संघांची नावं देतो, क्रम न लावता. तीन किंवा अधिक जणांच्या यादीत आलेला संघ चर्चेत राहतो. मग छोटे छोटे गट करून गुप्त मतदान होतं. गटातले वरचे संघ यादीत चढतात, उरलेले पुढच्या गटात नव्या संघांसोबत पुन्हा तोलले जातात. असं करत २५ नावं पुरी होतात. ज्या विद्यापीठाकडून सदस्याला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला पगार मिळतो, त्या विद्यापीठाचा विषय निघाला की तो खोलीबाहेर जातो.

ही रीत वाईट नाही. एकाच फटक्यात २५ जणांची यादी लावण्यापेक्षा सहा-आठ संघांची तुलना माणसाला बरी जमते. माझी तक्रार वेगळी आहे. वेळापत्रकाचा दर्जा, आपसातला निकाल, सामाईक प्रतिस्पर्धी, कॉन्फरन्सचं विजेतेपद हे निकष लिहिलेले आहेत, पण कशाला किती वजन हे लिहिलेलं नाही. त्यामुळे दरवर्षी आधी उत्तर ठरतं आणि मग त्याला साजेसा निकष पुढे केला जातो, असा संशय घ्यायला जागा राहते. समितीची माणसं प्रामाणिक असली तरीही राहते.

५. पूर्वी कॉम्प्युटर ठरवायचा म्हणतात. ते का सोडलं?

१९९८ ते २०१३ बीसीएस नावाची पद्धत होती. पत्रकार-प्रशिक्षकांच्या क्रमवाऱ्या आणि काही कॉम्प्युटर क्रमवाऱ्या एकत्र करून फक्त दोन संघ अंतिम सामन्यासाठी निवडायचे. २००१ मध्ये नेब्रास्का शेवटच्या सामन्यात कोलोरॅडोकडून ६२-३६ असा मार खाऊनही अंतिम फेरीत पोचला. २००३ मध्ये दोन्ही मानवी क्रमवाऱ्यांत पहिला असलेला यूएससी बाहेर राहिला आणि आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ३५-७ असा हरलेला ओक्लाहोमा आत गेला. २००४ मध्ये ऑबर्न अपराजित राहूनही बाहेर. लोकांनी खापर कॉम्प्युटरवर फोडलं.

खरा घोळ दोनच जागा असण्यात होता. कॉम्प्युटरचा दोष असलाच तर झाकाझाकीचा. सहा गणितांपैकी एकट्या वेस्ली कॉली यांचं गणित संपूर्ण जाहीर होतं. २०१० मध्ये त्यांच्या आकड्यांत खालच्या गटातला एक सामना नोंदवायचा राहिला होता आणि तेवढ्यानं एलएसयू आणि बॉइझी स्टेट यांची दहाव्या-अकराव्या क्रमांकावर अदलाबदल झाली. बाहेरच्या माणसानं पडताळून पाहिलं म्हणून चूक सापडली. बाकीच्या पाचांत अशी चूक होती की नाही, हे बाहेरून तपासायची सोयच नव्हती. मला यातून एकच मागणी दिसते: गणित वापरा, पण उघड वापरा.

६. "सर्वोत्तम" संघ घ्यायचे की "सर्वांत पात्र"? यात फरक काय?

सगळ्या वादाची मुळी इथे आहे. सर्वोत्तम म्हणजे उद्या सामना झाला तर जिंकण्याची शक्यता ज्याची जास्त तो. पात्र म्हणजे ज्यानं आतापर्यंत जास्त कमावलं तो. २०२४ मध्ये अकरावं स्थान मिळालेला अलाबामा कागदावर एसएमयूपेक्षा तगडा होता, असं बहुतेक जाणकार सांगतील. पण तो व्हँडरबिल्टकडून हरला होता, ओक्लाहोमाकडून २४-३ असा हरला होता, एकूण ९-३ होता. एसएमयू ११-२. समितीनं एसएमयूला घेतलं. माझ्या मते बरोबर केलं.

सर्वोत्तमच हवा असेल तर लास व्हेगासच्या बुकींना विचारा. ते ऑगस्टमध्येच बऱ्यापैकी यादी देतील आणि हंगाम खेळवायची गरज उरणार नाही. प्रवेशाचा निकष पात्रतेचाच हवा. सर्वोत्तम कोण ते बाद फेरीत कळतंच. २०२४ चा ओहायो स्टेट घ्या. घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा हरला, आठवं मानांकन मिळालं आणि शेवटी विजेतेपद घेऊन गेला.

७. अपराजित संघाला बाहेर ठेवणं कधी योग्य असतं का? फ्लोरिडा स्टेटचं काय झालं होतं?

२०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० होता आणि एसीसीचा विजेता होता. नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या दुखापतीनं बाहेर गेला. त्यानंतरचेही सामने संघानं जिंकले. तरी समितीनं त्यांना पाचवं ठेवलं आणि एक पराभव असलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. क्वार्टरबॅकशिवाय हा तोच संघ राहिलेला नाही, असं कारण दिलं. नियमात खेळाडूच्या अनुपस्थितीचा उल्लेख आहेच.

हे कलम काढून टाकायला हवं. २०१४ च्या पहिल्याच प्लेऑफमध्ये ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. तिसऱ्या नंबरच्या कार्डेल जोन्सनं कॉन्फरन्सची अंतिम लढत ५९-० अशी जिंकून दिली, समितीनं संघाला चौथी जागा दिली आणि त्यानं विजेतेपद पटकावलं. दुखापतीनंतर संघ कसा खेळेल याचा अंदाज बांधणं हे निवड समितीचं काम नाही.

फ्लोरिडा स्टेट पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला म्हणून समिती बरोबर ठरते, हा युक्तिवाद दरवर्षी येतो. त्या सामन्यात त्यांचे कितीतरी प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

छोट्या कॉन्फरन्समधल्या अपराजित संघांचा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी प्रश्न ८ आणि १०.

८. १२-० मोठा की १०-२? सोपे सामने खेळून अपराजित राहिलेल्यांना डोक्यावर का घ्यायचं?

यावर हाताशी साधं गणित आहे. एक चांगला संघ कल्पनेत घ्या, देशातल्या पहिल्या पंचविसातला. त्याला सोपं वेळापत्रक दिलं, प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ९० टक्के. बाराच्या बारा जिंकण्याची शक्यता येते सुमारे २८ टक्के. आता त्यालाच अवघड वेळापत्रक द्या, प्रत्येक सामन्याला ७० टक्के. दहा किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. म्हणजे अवघड वाटेवरचं १०-२ हे सोप्या वाटेवरच्या १२-० इतकंच, किंबहुना किंचित जास्त कठीण.

पण त्याच अवघड वाटेवर तिसरा पराभव झाला की? नऊ किंवा अधिक विजयांची शक्यता एकदम ४९ टक्क्यांवर जाते. म्हणजे चांगल्या संघाला निम्म्या वेळा ते जमेल. "आमची कॉन्फरन्स कठीण आहे हो" या सबबीला कुठपर्यंत मान द्यायचा याचा हा हिशेब. दोन पराभव पचतात, तिसऱ्याला सबब पुरत नाही. अर्थात खऱ्या वेळापत्रकात प्रत्येक सामन्याची शक्यता वेगळी असते, आकडे थोडे हलतील.

या जातीच्या मोजमापाला स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड म्हणतात. २०२५ पासून समितीसमोर त्याच धर्तीचा आकडा ठेवला जातो. तो बाजूला ठेवलेला कागद न राहता सात खुल्या जागांचा मुख्य निकष व्हावा, एवढंच माझं म्हणणं.

९. कॉन्फरन्स विजेत्यांना राखीव जागा कशाला? चांगले बारा घ्या की.

कारण कॉन्फरन्सचं विजेतेपद ही एकच गोष्ट अशी आहे जी कुणाच्या मतावर अवलंबून नाही. हंगामाच्या आधी प्रत्येक संघाला सांगता येतं: एवढं कर, पुढचं आम्ही बघतो. राखीव जागा राहाव्यातच.

मात्र त्या नावानं राखू नयेत. २०२५ मध्ये एसीसीत व्हर्जिनिया पहिला आला आणि दुसऱ्या क्रमांकावर पाच संघ ६-२ असे अडकले. कोंडी फोडायचे नियम लावत लावत शेवटी प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीवर ड्यूक पुढे गेला. ड्यूकचं एकूण रेकॉर्ड तेव्हा ७-५ होतं. अंतिम लढतीत त्यांनी व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० असं हरवलं आणि ८-५ वर एसीसीचे विजेते झाले. त्या वेळच्या नियमात "सर्वांत वरचे पाच विजेते" असं होतं, म्हणून ड्यूकऐवजी १२-१ असलेल्या, सन बेल्ट ही छोटी कॉन्फरन्स जिंकलेल्या जेम्स मॅडिसनला जागा मिळाली. आणि एसीसीची अंतिम लढतही न खेळलेला मायामी खुल्या जागेतून आत शिरून थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला!

२०२६ चा नियम तेव्हा असता तर ड्यूक आत आणि जेम्स मॅडिसन बाहेर. जुना नियम शहाणा होता.

१०. छोट्या कॉन्फरन्सचे संघ पहिल्याच फेरीत मार खातात. त्यांच्यासाठी जागा का अडवायची?

खातात खरे. २०२५ मध्ये टुलेन ओल मिसकडून ४१-१० आणि जेम्स मॅडिसन ऑरेगनकडून ५१-३४ असे हरले. पण बडे काय करतात तेही बघा. २०२४ मध्ये एसईसीचा टेनेसी पहिल्या फेरीत ओहायो स्टेटकडून ४२-१७ असा हरला. २०२५ च्या उपांत्यपूर्व फेरीत अलाबामा इंडियानाकडून ३८-३, टेक्सस टेक ऑरेगनकडून २३-०. एकतर्फी सामने या खेळात होतात. त्यांची शिक्षा फक्त लहानांना का?

आणि दार बंद ठेवलं की काय होतं तेही पाहून झालंय. २०१७ मध्ये यूसीएफ अपराजित होता, समितीनं बारावा लावला. त्यानं पीच बोलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. त्याच ऑबर्ननं त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवलं होतं, आणि राष्ट्रीय अंतिम सामना खेळले ते अलाबामा आणि जॉर्जिया. यूसीएफनं स्वतःला राष्ट्रीय विजेता जाहीर करून टाकलं. हसू आलं तरी त्यांना खोटं पाडायला मैदानावरचा एकही निकाल नव्हता.

चार संघांच्या दहा वर्षांत या गटातून एकटा सिनसिनाटी आत गेला, २०२१ मध्ये.

११. ज्यानं हरवलं तो वर, एवढा साधा नियम का पाळत नाहीत?

२०२५ च्या मायामी आणि नोटर डेम प्रकरणानंतर हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. दोघेही १०-२. ऑगस्टअखेरच्या सलामीच्या सामन्यात मायामीनं नोटर डेमला २७-२४ असं हरवलेलं. तरी नोव्हेंबरभर समिती नोटर डेमला वर ठेवत होती. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कुणीच खेळलं नाही, आणि रविवारी यादी आली तर मायामी दहावा, नोटर डेम अकरावा आणि बाहेर. खुलासा असा झाला की मधला बीवाययू हरून खाली आल्यामुळे हे दोघे शेजारी आले आणि मग आपसातला निकाल विचारात आला.

निर्णय माझ्या मते बरोबर, रस्ता चुकीचा. दोन संघ तोलायला ते यादीत शेजारी असायची वाट कशाला बघायची? आणि आठवड्यामागून आठवडा उलटा क्रम जाहीर करून एका बाजूला खोटी आशा कशाला लावायची? दर मंगळवारचा तो टीव्हीवरचा क्रमवारी-सोहळा बंद केला तर निम्मी कटकट संपेल. टीव्हीवाले अर्थातच ऐकणार नाहीत.

तरी "हरवलं तो वर" हा नियम सरसकट चालत नाही. २००८ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण विभागात टेक्ससनं ओक्लाहोमाला ४५-३५, ओक्लाहोमानं टेक्सस टेकला ६५-२१ आणि टेक्सस टेकनं टेक्ससला ३९-३३ असं हरवलं. तिघेही ११-१. आता लावा क्रम! म्हणून हा निकष दोघांपुरता, पराभवांची संख्या सारखी असताना, निर्णायक मानावा. तिघांचं वर्तुळ झालं की प्रश्न ८ च्या गणिताकडे जावं.

१२. कॉन्फरन्सची अंतिम लढत हरणाऱ्याला खाली ढकलणं बरोबर आहे का?

२०२४ ची एसीसीची लढत आठवा. एसएमयूनं मोठी पिछाडी भरून काढत ३१-३१ अशी बरोबरी केली आणि शेवटच्या क्षणी क्लेमसनच्या पहिल्या वर्षाच्या नोलन हाउझरनं ५६ यार्डांवरून किक मारून सामना ३४-३१ असा नेला. चेंडू हवेत असताना एसएमयूचं सगळं वर्ष पणाला लागलं होतं. घरी बसलेल्या अलाबामाचं काहीच नाही. एसएमयू हरूनही आत राहिला. २०२२ मध्ये टीसीयूही तसाच हरला होता, तरी तिसरा राहिला.

२०२५ मध्ये मात्र समितीची दोन तोंडं दिसली. अलाबामा अंतिम लढत २८-७ असा हरून नवव्या जागेवर जिथल्या तिथे. बीवाययू ३४-७ असा हरला आणि अकराव्यावरून बारावा, म्हणजे बाहेर. समितीच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की बीवाययू आधीही काठावरच होता.

नियम असा असावा: खुल्या जागांची पात्रता नियमित हंगामाच्या शेवटी गोठवायची. अंतिम लढतीत जिंकून वर जाता येईल, हरून त्या यादीतून बाहेर पडता येणार नाही. जादा सामना खेळण्याचा दंड बसायला लागला तर उद्या संघ अंतिम लढत टाळायची कारणं शोधतील.

१३. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही. त्यांचं काय करायचं?

इतरांचं करतो तेच. खुल्या सात जागांसाठी त्यांनीही रांगेत उभं राहावं. २०२५ मध्ये बाहेर राहिल्यावर त्यांनी बोल सामना खेळायलाच नकार दिला. २०२६ पासून त्यांना खास सवलत आहे: समितीच्या पहिल्या बारांत आले तर जागा पक्की. एका विद्यापीठासाठी वेगळं कलम, यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

१४. बाय मिळालेले संघच हरतात. मग बायचा उपयोग काय?

२०२४ मध्ये पहिले चार मानांकित ऑरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट हे चौघेही उपांत्यपूर्व फेरीत हरले. त्या वर्षी पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स विजेत्यांनाच होती. त्यामुळे क्रमवारीत बारावा असलेला अ‍ॅरिझोना स्टेट चौथा मानांकित झाला. टीका झाली आणि २०२५ ला क्रमवारी तेच मानांकन असं केलं. त्या वर्षीही चारांपैकी तिघे हरले, फक्त इंडियाना टिकला. आठांत सात.

एवढ्याशा नमुन्यावरून बाय अशुभ ठरत नाही. पण तीन-साडेतीन आठवडे सामना नाही आणि वर घरचं मैदानही नाही, हे बक्षीस अर्धवट आहे. पाचव्या मानांकिताला घरी सामना मिळतो, पहिल्याला मिळत नाही. उपांत्यपूर्व फेरी वरच्या मानांकिताच्या मैदानावर घ्या, तक्रार मिटेल. मानांकन देण्याचं काम मात्र समितीकडेच राहू द्यावं. तिथे अंदाज चालतो.

१५. सोळा, चोवीस... आकडा वाढवला की वाद संपेल ना?

नाही. दोन संघ होते तेव्हा तिसरा रडायचा, चार होते तेव्हा पाचवा, आता तेरावा. २०१४ मध्ये टीसीयू तिसऱ्या क्रमांकावर होता, शेवटचा सामना ५५-३ असा जिंकला आणि सहावा झाला. २०२५ चं भांडण त्याच जातीचं. जागा वाढल्या की फक्त भांडणाऱ्यांचा दर्जा उतरतो. बिग टेनला चोवीस हवेत, एसईसीचा कल सोळाकडे. एकमत न झाल्यानं २०२६ ला बाराच. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीशी सहा वर्षांचा ७.८ अब्ज डॉलरचा करार आहे, त्यामुळे आकडा वाढवायचा मोह जाणार नाही.

माझं मत बारांनाच. चोवीस झाले तर नोव्हेंबरमधला एखादा पराभव कुणाला बोचणारच नाही, आणि या खेळाची मजा तर त्या बोचण्यातच आहे.

१६. विजयाचा फरक मोजावा का?

थोडा, आणि मर्यादा घालून. २००१ नंतर बीसीएसनं आपल्या कॉम्प्युटरना फरक मोजायला मनाई केली, कारण क्रमवारीसाठी लोक हरलेल्या संघावर गुण चढवत बसायचे. पण फरक पूर्ण सोडला तर नशिबानं जिंकलेला सामना आणि निर्विवाद जिंकलेला सामना एकच होतात. २०-२५ गुणांपुढे काही मोजायचं नाही, एवढी अट पुरे. तेही मानांकनासाठी. पात्रतेसाठी जिंकला की हरला एवढंच.

१७. एखाद्या संघाचे सामनेच कमी झाले तर? किंवा नियमानं बंदी असेल तर?

२०२० च्या कोविड हंगामात ओहायो स्टेट नियमित हंगामात पाचच सामने खेळला. कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीसाठी सहाची अट होती. बिग टेननं ती अट ऐन वेळी उठवली. संघ ६-० होऊन प्लेऑफमध्ये गेला आणि ८-१ असलेला टेक्सस ए अँड एम पाचवा राहिला. हंगाम चालू असताना नियम बदलला, हे वाईट झालं. किमान सामन्यांची अट प्लेऑफनं स्वतः आधीच लिहून ठेवावी.

बंदीचं म्हणाल तर खालच्या गटातून वर आलेल्या संघाला दोन वर्षं संक्रमणाची काढावी लागतात आणि त्या काळात प्लेऑफचं दार बंद असतं. जेम्स मॅडिसन २०२३ मध्ये ११-१ होता, तरी प्लेऑफच्या चर्चेतच नव्हता.

१८. मग तुमचा आराखडा काय, एका दमात सांगा.

बारा संघ. क्रमवारीत सर्वांत वरचे पाच कॉन्फरन्स विजेते, कुणाचंही नाव न घेता. सात खुल्या जागा स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्डवर, सूत्र ऑगस्टमध्ये जाहीर, आकडे कुणालाही पडताळता येतील असे. काठावर दोघे सारख्या पराभवांचे असतील तर आपसातला निकाल. दुखापतीचा विचार नाही, अंतिम लढत हरल्याचा दंड नाही. समिती फक्त मानांकन देईल आणि अभूतपूर्व प्रसंगात, कारण लेखी देऊन, एखादी जागा बदलू शकेल.

१९. यातही अन्याय होईलच की.

होईल. आठव्या खुल्या संघाला वाईट वाटेल. पण कुठल्या आकड्यानं आपण मागे पडलो ते त्याला स्वतः मोजून बघता येईल.

२०. भारतातून हे बघायचं तर किती वाजता?

संघांची घोषणा डिसेंबरच्या सुरुवातीच्या रविवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बाराला होते. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. अंतिम सामना जानेवारीत सोमवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी सहा. सामना साडेतीन-चार तास चालतो. ऑफिस दहाचं असेल तर शेवटचा क्वार्टर लोकलमध्ये मोबाइलवर बघायची तयारी ठेवा.